कलावंत स्त्रिया: नुसतं 'पहिली' नको, त्यांचं काम सांगा

शुक्रतारा

आमच्या उपनगरातल्या वाचनालयात पुढच्या महिन्यात एक छोटं प्रदर्शन आहे. विषय आहे कला आणि संस्कृतीच्या क्षेत्रातलं आशियाई स्त्रियांचं कर्तृत्व. फलकांचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलंय. समितीने काढलेली यादी मिळाली, तर प्रत्येक नावापुढे एकच ओळ: अमुक करणारी पहिली भारतीय स्त्री, तमुक पुरस्कार मिळवणारी पहिली आशियाई स्त्री. ओळ वाचून होते आणि त्या बाईने नेमकं केलं काय, ते काही कळत नाही. असे फलक लोक उभ्या उभ्या वाचतात आणि पुढे सरकतात.

म्हणून इथल्या जाणकारांना विनंती. नाव सुचवा, पण तिच्या कामातली एखादी गोष्ट इतकी नेमकी सांगा की वाचणारा घरी जाऊन ते गाणं लावेल, तो सिनेमा शोधेल, ती इमारत बघायला जाईल. मुंबईशी संबंध असेल तर उत्तमच. आमच्याकडे येणारे बहुतेक जण रोज लोकलने शहरात जातात. ज्या रस्त्यांवरून आपण चालतो तिथेच हे काम झालंय, हे त्यांना कळावं असं मला फार वाटतं.

सुरुवात मी करते, केसरबाई केरकरांपासून. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या पाठवल्या, त्यात भारताचं एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी 'जात कहाँ हो'. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ती साडेतीन मिनिटं शांतपणे ऐकलेले किती जण भेटतात? ७८ आरपीएमच्या तबकडीची मर्यादा असूनही घाई कुठेच नाही. 'आ'कारातली गायकी मोकळी, शब्द मोजके, आणि तान घेऊन बाई मुखड्यावर येतात तेव्हा श्वास घेतला कुठे ते शोधावं लागतं. हा दमसास जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीतला. १९२१ मध्ये त्यांनी खाँसाहेबांचा गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्यत्व घेतलं, तेव्हा त्या तिशीच्या जवळ आल्या होत्या आणि गायिका म्हणून त्यांचं नावही झालं होतं. तरी पुन्हा पहिल्यापासून शिकल्या. फलकावर मला हे लिहायचंय.

सांजवेळ

फार छान धागा. वाचनखूण साठवली. सवडीने लिहिते.

तिरफळ

केसरबाईंचं नाव घेतलंत, आनंद झाला. त्यांच्यासोबत मोगूबाई कुर्डीकर आणि अंजनीबाई मालपेकर यांना घ्याच. तिघी गोव्याच्या, तिघींची कारकीर्द मुंबईत घडली.

अंजनीबाईंबद्दल आज फारच कमी बोललं जातं. भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांच्या शिष्या. लांब दमाची, संथ आलापी ही त्या घराण्याची ओळख. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली, आणि (शुक्रतारा, माफ करा, इथे 'पहिली' आलंच) ती मिळणारी ती पहिली स्त्री. पण त्यांचं खरं काम त्यांच्या शिष्यांच्या गळ्यात आहे. ऐन बहरात मैफली थांबवून त्या शिकवण्याकडे वळल्या. कुमार गंधर्व त्यांच्याकडे शिकले, किशोरीताई आमोणकरही शिकल्या. किशोरीताईंच्या गाण्यात जयपूर घराण्याच्या लयीच्या बांधणीबरोबर ती लांब, सावकाश मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) कुठून आली असं विचारलंत, तर एक उत्तर अंजनीबाईंपाशी जातं. भेंडीबाजारातून सगळे कपडे-चपला घेऊन परत येतात. त्या मोहल्ल्याच्या नावाचं एक गायकीचं घराणं आहे, हे फलकावर ठळक येऊ दे.

मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा गावाचे अवशेष वर येतात आणि जुने गावकरी तिथे जमतात. मोगूबाई मात्र तोवर मुंबईकर झाल्या होत्या आणि कडक शिस्तीच्या गुरू म्हणून नावाजल्या होत्या.

अजून एक. तिघी कलावंत म्हणवल्या जाणाऱ्या, देवळात गाण्याची सेवा करणाऱ्या समाजातल्या. फलकावर हे लिहाल ना?

कोकमसरबत

तिरफळ, माहिती उत्तम. पण शेवटचा मुद्दा पटला नाही. प्रदर्शन कौतुकाचं आहे. कोण कुठल्या समाजातली हे कशाला काढायचं? गाणं मोठं, तेवढं पुरे.

तिरफळ

कोकमसरबत, तुमचा हेतू चांगला आहे. तरीही मी आग्रह धरेन. माझी पणजी त्याच समाजातली. मुलीला सूर-ताल लहानपणीच मिळायचा आणि मान मात्र आयुष्यभर नाकारला जायचा, अशी ती व्यवस्था होती. देवळातल्या सेवेतून, यजमानाच्या आश्रयातून बाहेर पडून या बायका मुंबईत आल्या, इथे मोठ्या उस्तादांकडे शिकल्या, तिकीट लावून गायल्या, मुलांना शाळेत घातलं. ती वाट त्यांनी स्वतः पाडली. हे वगळलं तर त्यांनी काय कमावलं ते कळणारच नाही, फक्त गोड गळ्याच्या बायका होत्या एवढंच उरेल. आमच्या घरात दोन पिढ्या हे बोलायला लाजत होत्या. मी अभिमानाने सांगते.

शुक्रतारा

तिरफळ, लिहिणार. दोन ओळींत नाही, नीट परिच्छेदात लिहिणार. मजकूर तुम्हाला दाखवून मगच छापायला देईन.

कोकमसरबत

ठीक. पणजीबद्दल लिहिलंत ते वाचून मुद्दा पोचला.

लोकल९४२

भानू अथैय्या. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर, हे पाठ आहे सगळ्यांना. त्याआधीचं सांगतो. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातली मुलगी, वडील चित्रकार, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली. १९५३ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं होती, आणि त्यात ती एकटीच बाई. चित्रकार म्हणून नाव होण्याची पूर्ण शक्यता होती. पण बायकांच्या मासिकांत फॅशनची रेखाटनं काढता काढता ती कपड्यांकडे वळली आणि 'सीआयडी'पासून (१९५६) सिनेमात आली.

बघायचं काय? 'आम्रपाली' (१९६६) लावा आणि वैजयंतीमालाचे कपडे बघा. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास त्या वस्त्रांत दिसतो. लगेच नंतर 'ब्रह्मचारी' (१९६८) मधली मुमताजची नारिंगी साडी बघा. नाचताना सुटू नये म्हणून निऱ्या आधीच शिवून घेतलेली. ती साडी पुढे घराघरांत गेली. आणि मग 'गांधी'. सुटाबुटातला बॅरिस्टर हळूहळू पंचावर येतो, तो सगळा प्रवास कापडातून सांगितलाय. खादीचा पोत वर्षागणिक बदलतो. तोच डोळा, फक्त कॅनव्हास वेगळा.

मी रोज जे. जे.च्या कुंपणावरून चालत ऑफिसला जातो. त्या एका आवारातून किती बायका बाहेर पडल्या याची यादी काढली तर तुमचं प्रदर्शन तिथेच भरेल.

सांजवेळ

लोकल९४२, जे. जे. म्हटलंत म्हणून होमाई व्यारावाला. त्याही जे. जे.च्याच. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे, कारण बाईने काढलेल्या फोटोवर कुणी विश्वास ठेवला नसता. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि पुढे स्वतंत्र भारताची पहिली वर्षं त्यांच्या कॅमेऱ्यातून आपल्यापर्यंत आली. कबूतर सोडणारे नेहरू आठवतात? तो फोटो होमाईंचा. साडी नेसून, जड स्पीड ग्राफिक कॅमेरा खांद्यावर घेऊन त्या राजकारण्यांच्या गर्दीत उभ्या राहायच्या.

पण मला त्यांचे दिल्लीच्या आधीचे, मुंबईतले फोटो जास्त आवडतात. जे. जे.तल्या वर्गमैत्रिणी, शहरातल्या तरुण मुली, सहज बसलेल्या, हसणाऱ्या. १९३० च्या दशकातल्या मुंबईच्या तरुण बायका एका तरुण बाईच्या नजरेतून. ते मोठे करून लावा.

नकाशावाला

वास्तुकलेबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. मी या क्षेत्रातला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिनेट डी सिल्वा. श्रीलंकेच्या, जन्म १९१८, कँडीचं प्रतिष्ठित राजकीय घराणं. तेव्हाच्या सिलोनमध्ये वास्तुकला शिकायची सोय नव्हती, म्हणून ही मुलगी मुंबईला आली. आधी मिस्त्री आणि भेडवार यांच्या फर्ममध्ये उमेदवारी केली. तिथे तिची मैत्री झाली पेरिन मिस्त्रीशी. पेरिन १९३६ ला जे. जे.मधून पदवी घेऊन निघालेली, भारतातली वास्तुकलेची पहिली स्त्री पदवीधर. आपण आज म्हणतो तशी एखादी 'नेटवर्किंग'ची सभा नव्हे ही. दोन तरुण मुली, एक पारशी, एक सिंहली, मुंबईतल्या एका ऑफिसात ड्रॉइंग बोर्डवर वाकून काम करतायत, आणि दोघींपैकी कुणाच्याही आधी त्या वाटेने कुणी बाई गेलेली नाही. मला हे चित्र फार मोलाचं वाटतं.

मिनेट मग जे. जे.च्या वास्तुकला विभागात दाखल झाली, आणि १९४२ च्या आंदोलनात विद्यार्थ्यांबरोबर उतरली म्हणून तिला काढून टाकलं. ज्या देशाची ती नव्हती त्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी तिने शिक्षण पणाला लावलं! पुढे लंडनला शिक्षण पुरं केलं, आणि १९४८ मध्ये ब्रिटनच्या वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटची सदस्य होणारी पहिली आशियाई स्त्री ठरली. मधल्या काळात १९४६ मध्ये मुंबईत 'मार्ग' हे कलाविषयक नियतकालिक सुरू झालं, त्याच्या स्थापनेत ती आणि तिची बहीण अनिल दोघी होत्या. 'मार्ग' आजही मुंबईतून निघतं.

तिचं काम: कँडीतलं करुणारत्ने यांचं घर, १९५० च्या सुमाराचं. उतारावरची जागा, उतार न छाटता त्यावर बसवलेलं घर. काँक्रीट आणि काच आधुनिक, पण दारांत स्थानिक विणकरांचं दुंबरा विणकाम, जिन्याच्या कठड्याला लाखकाम. कारागीर बांधकामाचे भागीदार, नंतर सजावटीला बोलावलेले नव्हेत. आणि १९५० च्या दशकाच्या शेवटी कँडीजवळच्या वटापुलुवा इथली वसाहत. तिथे तिने राहायला येणाऱ्या कुटुंबांना आधी प्रश्नावली दिली: स्वयंपाक कसा करता, घरात म्हातारं कोण आहे, पूजा कुठे करता, किती परवडेल. उत्तरांवरून घरांचे वेगवेगळे नमुने काढले. आज मुंबईत पुनर्विकासाची सभा असते तेव्हा किती बिल्डर हा प्रश्न विचारतात? मी अनेक सभांना बसलोय. मजला किती आणि पार्किंग किती, यापुढे गाडी जात नाही.

श्रीलंकेच्या वास्तुकलेचं नाव निघालं की जेफ्री बावांचंच नाव येतं. बावा मोठेच. पण हवामान, कारागिरी आणि आधुनिक बांधकाम यांची सांगड मिनेटने त्यांच्या आधी घातली होती. तिला तिच्या देशातल्या वास्तुविशारदांच्या संस्थेचं सुवर्णपदक मिळालं ते १९९६ मध्ये. दोन वर्षांनी ती गेली, हलाखीत.

पेरिन मिस्त्रींचं काम बघायला लांब जायला नको. कंबाला हिलचं सेंट स्टीफन्स चर्च त्यांचं. बोरिवलीची खटाव मिलही त्यांचीच. जवळजवळ पन्नास वर्षं काम केलं बाईंनी.

आणि प्रवीणा मेहता. नवी मुंबईची कल्पना म्हटलं की चार्ल्स कोरियांचं नाव घेतात. १९६० च्या दशकाच्या मध्यात खाडीपलीकडे नवं शहर उभारावं हा प्रस्ताव मांडणारे तिघे होते: कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. १९६५ मध्ये तो प्रस्ताव 'मार्ग'मध्येच छापून आला. ते शहर उभारणारी सिडको १९७० मध्ये झाली. वाशी, नेरूळ, बेलापूरला राहणाऱ्यांनी हे तिसरं नाव लक्षात ठेवावं.

शुक्रतारा

नकाशावाला, हा प्रतिसाद वाचून मी अर्धा तास दुसरं काही करू शकले नाही. मिनेट आणि पेरिन एकाच फलकावर, शेजारी शेजारी. ठरलं.

कोकमसरबत

मी विचारणारच होतो की आशियाई म्हणजे काय काय घ्यायचं, जपानपासून तुर्कस्तानपर्यंत सगळंच आशिया. आता वाटतं, मुंबईतून जो जो धागा बाहेर जातो तो पकडत जावं, आपोआप आशिया येईल.

ओटीवरून

मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी डहाणूकडची, आता गोरेगावला असते. वारली चित्रं सगळ्या जगाला माहीत झाली, कुर्त्यांवर आली, विमानतळावर आली. जिव्या सोमा म्हसे यांचं काम थोरच, त्यांना मान मिळाला तो योग्यच. पण मुळात हे चित्रण बायकांचं. लग्नाच्या वेळी सवासिनी घरात भिंतीवर चौक लिहितात. गेरूच्या किंवा शेणाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने. मधे पालघट देवी. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि धवलेरी बाई गाणी म्हणते तेव्हाच ते लागतं. पुरोहिताची जागा तिची. १९७० च्या दशकात कागद आणि रंग पाड्यांवर आले, चित्रं विकली जायला लागली, आणि मग पुरुषांनी ब्रश हातात घेतला.

ज्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या चौक लिहिले त्यांची नावं कुठेही नाहीत. चित्र लग्नापुरतं, पुढच्या सारवणात जातं. तुमच्या प्रदर्शनात त्यांच्यासाठी एक फलक बिननावाचा ठेवा. आरेच्या पाड्यांवर आजही चौक लिहिणाऱ्या बाया आहेत. त्यांना बोलवा, मानधन द्या, वाचनालयाची एक भिंत द्या. फोटो लावण्यापेक्षा ते बरं.

तिसरी घंटा

ओटीवरून, तुम्हाला साष्टांग नमस्कार. मानधनाचा मुद्दा तर फारच महत्त्वाचा.

नाटकासाठी माझ्याकडून सुलभा देशपांडे. 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मधली त्यांची बेणारेची भूमिका हे उत्तरच आहे, पण मला छबिलदासबद्दल सांगायचंय. दादरच्या छबिलदास शाळेचा वरचा हॉल. १९७१ मध्ये 'आविष्कार' ही नाट्यसंस्था सुरू झाली आणि पुढे तो हॉल सगळ्या प्रायोगिक नाटकाचा पत्ता झाला. ना विंग, ना मखमली पडदा, वर पंखे फिरतायत, प्रेक्षक हातभर अंतरावर. तिथे नट म्हणून उभं राहणं एक आणि ती चळवळ वर्षानुवर्षं चालवणं दुसरं. सुलभाताईंनी दोन्ही केलं. त्यावर 'चंद्रशाला' ही मुलांची शाखा उभी केली. 'दुर्गा झाली गौरी' मध्ये पन्नासेक पोरं एकाच वेळी रंगमंचावर असायची. आज मराठी रंगभूमीवर आणि सिनेमात काम करणारे कितीतरी जण त्या तालमींतून आले. मुलांचं नाटक म्हणजे गंमतजंमत, असं त्या मानायच्या नाहीत. मुलांनाही तीच शिस्त, तोच मान.

विजयाबाई मेहतांवर लिहायला वेगळा धागा लागेल. त्यांची 'रंगायन' ही नाट्यसंस्था १९६० ची. एवढंच सांगतो की ब्रेख्तचं 'कॉकेशियन चॉक सर्कल' त्यांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' म्हणून मराठीत आणलं तेव्हा जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ सोबत होते, आणि पुढे आपलं संस्कृत नाटक त्यांनी जर्मन नटांकडून करून घेतलं. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी.

दादर_पूर्व

सरस्वतीबाई फाळके! अजून कुणी लिहिलं कसं नाही?

'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, गिरगावात कोरोनेशन थिएटरमध्ये लागला. दादासाहेबांना आपण चित्रपटाचे जनक म्हणतो. तेव्हा कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसायची, ती पाडून घ्यावी लागायची. ते काम सरस्वतीबाईंनी केलं. रात्री, अंधारात, कारण फिल्मला उजेड लागला की संपलं. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, चित्रीकरणात उजेड परतवायला उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं, फिल्म धुण्याची रसायनं कालवणं. दागिने आधीच विकले होते. सिनेमात एकही बाई नाही, तारामतीसुद्धा अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली. पण पडद्यामागे बाई होती, आणि तिला तंत्र येत होतं. तिला 'साथ दिली' एवढ्यावर भागवू नका. तिला तंत्रज्ञ म्हणा.

दादर पूर्वेला फाळके रोडवरून रोज लाखभर माणसं जात असतील. एखादी पाटी सरस्वतीबाईंच्या नावाची हवी.

सांजवेळ

+१००० पाटीसाठी.

कोकमसरबत

सुरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींना घ्यायचं का, याबद्दल मी साशंक आहे. वॉर्डन रोडच्या घरात अनेक दशकं राहिल्या हे खरं, पण मैफली त्यांनी थांबवल्या, ध्वनिमुद्रणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि लिहिणारा प्रत्येक जण शेवटी लग्नाच्या गोष्टीवरच जातो. लोकांना काय ऐका म्हणून सांगणार?

तिरफळ

कोकमसरबत, त्यांना घ्याच, आणि लग्नाचा उल्लेखही करू नका. सुरबहार हे सतारीहून मोठं, खर्जातलं वाद्य. जाड तारा, लांब मींड, सावकाश आलाप. झटपट टाळी घेणारं वाद्यच नव्हे ते. ऐकायचं काय, तर त्यांचे शिष्य. निखिल बॅनर्जींची सतार, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, नित्यानंद हळदीपूरांची बासरी. सतारवाल्यालाही आणि बासरीवाल्यालाही त्या गाऊन शिकवायच्या. हरिजी त्यांच्याकडे आले तेव्हा नावाजलेले कलाकार होते. सगळं विसरून नव्याने सुरुवात करतोय हे दाखवायला त्यांनी उजव्या हाताने वाजवणं सोडून डाव्या हाताने बासरी धरली, आणि आजही तशीच धरतात. एवढ्या मोठ्या वादकाकडून हे करवून घेणारा अधिकार काय असेल! हरिजींचा कुठलाही संथ आलाप लावा आणि बासरीत सुरबहारची मींड शोधा. तो फलक मी लिहून देते.

नऊवारी

साहित्यातून उर्मिला पवार. 'आयदान' हे त्यांचं आत्मचरित्र २००३ मध्ये आलं. रत्नागिरीकडच्या गावात आई बांबूच्या पाट्या, सुपं विणायची, त्यावर घर चालायचं. त्या विणीसारखीच पुस्तकाची वीण आहे. कोकण, मग मुंबईतली नोकरी, संसार, लेखन, चळवळ, सगळे पट्टे एकमेकांखालून-वरून जातात. घरातला पुरुषी अहंकार आणि बाहेरची जात, दोन्हींबद्दल तितकंच निर्भीड.

पण त्यांचं दुसरं काम मला तेवढंच मोठं वाटतं. मीनाक्षी मून यांच्याबरोबर 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९). आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या बायकांना दोघी गावोगाव, वस्त्यावस्त्यांतून जाऊन भेटल्या. म्हाताऱ्या झालेल्या, कुणीही कधी काही न विचारलेल्या बायका. त्यांच्याकडून महाडचं, परिषदांचं, धर्मांतराचं ऐकून लिहून काढलं. आणखी दहा वर्षं उशीर झाला असता तर त्यातलं बरंचसं कायमचं गेलं असतं. माझ्या आजीकडे हे पुस्तक होतं, पानोपानी पेन्सिलीने खुणा केलेलं. ती त्यातल्या बायकांना नावानिशी ओळखायची.

रात्रपाळी

मी नर्स आहे, परळला. एरवी इथे फक्त वाचते, आज लिहितेय.

पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. २०२४ ला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं. तीस वर्षांनी भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत होता. त्यातल्या दोघी मल्याळी नर्स मुंबईच्या हॉस्पिटलात काम करतात आणि तिसरी, पार्वती, तिथेच स्वयंपाक करते. ते काम छाया कदम यांनी केलंय. पार्वतीची खोली गिरणीत काम केलेल्या नवऱ्याच्या वाट्याला आलेली, पण तिच्याकडे कागद नाहीत, आणि टॉवर येणार म्हणून तिला निघावं लागतं. ती कोकणात परत जाते. आमच्या हॉस्पिटलच्या आसपास अशा पार्वती खूप आहेत. मी त्यांच्या हातचा चहा पिते.

सिनेमात ड्युटी संपल्यावरचे चेहरे बरोबर घेतलेत. पावसातली शेवटची लोकल, ओला डबा, खिडकीकडे बघत उभी असलेली बाई. परिचारिकांवर सिनेमे आले की एक तर देवी किंवा विनोद असतो. इथे दमलेली, प्रेमात पडणारी, भाड्याची काळजी करणारी माणसं आहेत. माझ्या सहकारी मुली केरळच्या आहेत. आम्ही मिळून बघितला आणि नंतर बराच वेळ कुणी उठलं नाही.

लोकल९४२

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद फलकावर जसाच्या तसा लावावा असं वाटतं.

दिग्दर्शिकांचा विषय निघालाय तर आशियातल्या दोघी पटकन सांगतो. जपानची किनुयो तानाका: मोठी नटी, आणि १९५३ ते १९६२ मध्ये स्वतः सहा चित्रपट दिग्दर्शित केले, तेही जपानी स्टुडिओंत बाई दिग्दर्शक म्हणजे अशक्य मानलं जायचं तेव्हा. आणि इराणची कवयित्री फरूग फरुखजाद: १९६२ मध्ये तब्रीजच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीवर बावीसेक मिनिटांचा माहितीपट केला. आवाज तिचा, कविता तिची. कुरूपतेकडे बघताना ती नजर वळवतही नाही आणि दयाही दाखवत नाही. शाळेच्या वर्गात धडा वाचणाऱ्या मुलांचं दृश्य आहे, ते तुमच्या प्रदर्शनात पडद्यावर दाखवता आलं तर बघा.

सांजवेळ

साहित्यात हान कांग घ्या, २०२४ चं नोबेल. चित्रांत नसरीन मोहमदी. मुंबईत वाढल्या, भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं, पेन-पट्टीने काढलेल्या बारीक रेषा एवढंच साधन. २०१६ ला न्यूयॉर्कमध्ये मेट ब्रॉयर हे कलासंग्रहालय उघडलं ते त्यांच्या प्रदर्शनाने. आणि चित्रकार बी. प्रभांनी रंगवलेल्या कोळणी.

दादर_पूर्व

सिनेसंगीतात लता-आशा येणारच. पण संगीतकार बाई कुणीच नाही का यादीत?

तिरफळ

सरस्वतीदेवी. मूळ नाव खुर्शीद मिनोचेर-होमजी, मुंबईच्या पारशी, भातखंड्यांकडे शिकलेल्या. मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या संगीतकार. पारशी मुलगी सिनेमात गेली म्हणून समाजात मोठा विरोध झाला, म्हणून नाव बदलावं लागलं. 'अछूत कन्या' (१९३६) मधलं 'मैं बन की चिड़िया' त्यांचं. अशोककुमार आणि देविका राणी स्वतः गायलेत. दोघंही गायक नव्हते. त्यांच्या गळ्याला झेपेल इतकी सोपी आणि तरीही लोकांच्या ओठांवर बसेल अशी चाल बांधणं हे केवढं कौशल्य! आणि किशोरकुमारचं म्हणून सगळे गुणगुणतात ते 'कोई हमदम न रहा' मुळात सरस्वतीदेवींनी १९३६ च्या 'जीवन नैया'साठी बांधलेलं. दोन्ही एकापाठोपाठ ऐकवा.

शुक्रतारा

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच्या बैठकीत समितीला हा धागा वाचून दाखवला. 'पहिली' असलेली ओळ आता प्रत्येक फलकाच्या तळाशी, लहान अक्षरांत जाईल. ठरलेलं असं: वाचनालयाची प्रवेशाजवळची भिंत चौकासाठी रिकामी ठेवलीय. ओटीवरून, मानधन आणि प्रवासखर्च समितीने मंजूर केलाय, पाड्यावर कुणाशी बोलायचं ते तुम्ही सांगा. संगीताच्या फलकांजवळ हेडफोन असतील. केसरबाई, हरिजींचा आलाप आणि 'जीवन नैया' हे तिन्ही नक्की. तिरफळ, अन्नपूर्णादेवींचा मजकूर पुढच्या गुरुवारपर्यंत हवाय, दोनशे शब्दांत.

ओटीवरून

शुक्रतारा, बोलते. भिंतीला आधी गेरू लागेल, ऑइलपेंट असेल तर पीठ धरणार नाही. रंग कुठला आहे ते बघून सांगा.

शुक्रतारा

चुना आहे.

ओटीवरून

मग झालं. दोन दिवस आधी सारवायला येऊ.